लवत्या पट्ट्यांचा पलंग

माझा धाकटा भाऊ भोजराज बालाघाटातला नावाजलेला सुतार होता आणि कानांनी ठार बहिरा होता. सुतारकाम बापाकडून आलं, बहिरेपण आरागिरणीतून. उमेदीची सगळी वर्षं त्या करवतीच्या शेजारी काढली, मग काय होणार? त्याच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि ओरडलं की आमच्या बूढी मोहल्ल्यातल्या चार घरांना तरी ते कळायचंच. त्यामुळे आमच्या घरी भांडणं फार कमी व्हायची. भांडायची हौस असेल त्यानं आधी घसा तयार करावा, एवढी दगदग कोण करतो!

मी जिजाबाई, त्याची मोठी बहीण. माझा नवरा लवकर गेला, पुढे भावजयही गेली. भावाचा संसार सावरायला म्हणून आले ती इथलीच झाले. घरात आम्ही तिघं. भोजराज, मी आणि त्याचा एकुलता एक मुलगा तेजराम. तेजरामचं बस स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं लग्न लांजीच्या बाबूलालच्या मुलीशी, पुष्पलताशी, ठरलं आणि भोजराजच्या डोक्यात पलंग शिरला.

आमच्याकडे पलंग मुलीकडून आंदण म्हणून येतो. भोजराजनं व्याह्याला, म्हणजे बाबूलालला, साफ सांगितलं, "समधीजी, भांडे द्या, नका देऊ, तुमची मर्जी. पण पलंग मी बनवीन. सुताराच्या घरी दुसऱ्याचा पलंग आला तं लोक काय म्हणतीन?" बाबूलाल धानाचा साधा शेतकरी. त्याचा जीव हलका झाला असणार, तो कशाला नाही म्हणेल?

आता पलंग म्हणजे चार पाय आणि वर फळ्या, असं आपल्याला वाटतं. भोजराजला तसं वाटत नव्हतं. एकदा भरवेलीच्या खाणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो दारं दुरुस्त करायला गेला होता. तिथं त्यानं स्प्रिंगचा लोखंडी पलंग पाहिला आणि साहेब बाहेर गेल्यावर त्यावर आडवाही झाला. घरी आला तो तेच घेऊन. "बाई, तो पलंग माणसाचं आयकते. दाबलं तं दबते, उठलं तं उठते. आपली खाट झोळी होऊन जाते, आन् फळी तं मुर्दाड. गरिबाच्या हाडाले कोणी इचारलंच नाई."

स्प्रिंग आमच्या ऐपतीतली नव्हती. सागवानाची चांगली फळीसुद्धा तेव्हा हाताबाहेर गेली होती. पण बांबू? बांबू आमच्या जिल्ह्यात मागेल त्याला मिळतो. चौकट तेवढी सागाची करायची आणि मध्ये फळ्यांच्या जागी बांबूच्या आडव्या, लवणाऱ्या पट्ट्या बसवायच्या, असं त्यानं ठरवलं.

त्या पलंगासाठी त्यानं जे प्रकार केले, ते पाहून लोकांनी त्याला खुळ्यात काढलं. वैनगंगेवर जाऊन तो ओल्या रेतीत उताणा झोपला, मग कुशीवर झोपला आणि उठून ठसा बघत बसला. तेजरामलाही झोपवलं. मलाही म्हणाला. मी म्हटलं, माझ्या अंगाचं माप रेतीत उमटलं तर नदीचं पात्रच बदलेल. खांदा आणि कुल्ला रेतीत खोल जातो आणि कमरेखाली रेती जशीच्या तशी राहते, हे त्यानं हेरलं. म्हणून खांद्याखाली पातळ, सहज लवणाऱ्या पट्ट्या आणि कमरेखाली जाड, टेकू देणाऱ्या.

बांबू तलावात इतके दिवस कुजवत ठेवला की त्याच्या वासानं शेजारीण भांडायला आली. पण असा भिजवलेल्या बांबूला घुणकिडा लागत नाही. मग सावलीत वाळवला, चिरला, रंधला. एकेक पट्टी निखाऱ्यावर शेकून मध्ये जरा पोट काढल्यासारखी वाकवली. माणूस निजला की ती सपाट होणार, उठला की पुन्हा पोट काढणार. आणि पट्ट्यांची टोकं चौकटीच्या खाचांत अशी घट्ट बसवली की मधून केससुद्धा जाऊ नये. याचा त्याला फार अभिमान. घट्ट सांधा म्हणजे सुताराची अब्रू, असं तो नेहमी म्हणायचा.

मी त्यावर पडून पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या कमरेनं त्याला आशीर्वाद दिला.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुष्पलता घरात आली आणि आमचं घर बोलायला लागलं. काय पोर होती! भाकरी थापताना गुणगुणायची, तेजरामची नक्कल करायची, माझी तर माझ्या तोंडावर करायची. पण भोजराजसमोर आली की पदर नाकाखालपर्यंत आणि तोंडाला कुलूप. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही, तोंड दाखवत नाही. भोजराजनं तिचा चेहरा लांजीला मुलगी बघायला गेला तेव्हा पाहिला असेल तेवढाच. त्यामुळे घरभर तिचं हसू असायचं आणि ते त्याच्यापर्यंत ना कानानं पोचायचं ना डोळ्यानं.

पावसाळ्याची ओल भिंतींत होती तोवर पलंग शहाण्यासारखा गप्प होता. पौषातली कोरडी थंडी पडली, बांबू खडखडीत वाळला आणि पलंगाला वाचा फुटली. पट्टी लवली की तिचं टोक त्या घट्ट खाचेत घासायचं. एक पट्टी कुरकुरायची, दुसरी करकरायची, आणि कमरेखालच्या जाड पट्ट्या तर नुसत्या कुशीवर वळलं तरी किंचाळायच्या. मधली भिंत म्हणजे कुडाची, शेणानं लिंपलेली. तिकडे कोणी शिंकलं तर इकडे मला सर्दी व्हायची. मी दोन-तीन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी पुष्पलता माझ्यासमोर चहा ठेवताना वर बघेना.

मग तो आवाज बंद झाला. दोघांनी शिंदीची चटई अंथरून खाली जमिनीवर झोपायला सुरुवात केली होती. एवढ्या थंडीत! थोड्याच दिवसांत पोरीला खोकला लागला.

आता हे भोजराजला सांगायचं कुणी? तेजराम बापासमोर बायकोचं नावसुद्धा घेत नव्हता, तो पलंगाचं गाऱ्हाणं काय सांगणार! मी म्हटलं, "तेजराम, तुझ्या बापाले सांग ना." तो म्हणाला, "आत्या, तूच सांग. तू त्याची बहीण आहेस." मी सांगायचं म्हणजे भावाच्या कानाशी जाऊन ओरडायचं, की अरे, नव्या जोडप्याचा पलंग वाजतो. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांनीही कान टवकारले असते. लिहून द्यावं तर त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मी एकदा खुणा करून पाहिल्या. पलंगाकडे बोट दाखवलं, तोंड वाकडं केलं, हात हलवले. तो पलंगावर जाऊन निजला, दोनदा कूस बदलली. पलंग ओरडला, आणि तो समाधानानं मला म्हणाला, "कडक कुठं आहे? चांगला तं आहे!"

मी कपाळावर हात मारला.

एका सकाळी शेजारची सीता विरजण मागायला आली आणि तिनं आतली चटई पाहिली. सीतेला विरजण मिळालं आणि मोहल्ल्याला विषय मिळाला. टिकाराम चहावाल्यानं तर कमालच केली. भर दुकानात भोजराजच्या कानाला लागून ओरडला, "भोजराजभाऊ, तुमची सून जमिनीवर झोपते म्हणे! पोराचं आन् तिचं जमत नाई का?"

भोजराज घरी आला तो जेवला नाही. मला म्हणाला, "बाई, खरं आहे का? पोरगी खाली झोपते?" खाली झोपते हे खरंच होतं. मी मान हलवली. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर दाराशी तेजराम, चुलीपाशी पुष्पलता आणि कुंपणापलीकडे सीता कान देऊन उभी. माझं तोंड तसंच मिटलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्या हातचा पलंग सोडून पोरगी थंड्या भुईवर पडते. म्हणजे तिले आपलं घरच नाई पसंत. तेजरामनंच काही केलं असंन. परक्याच्या पोरीले असं कोंडून ठेवणं पाप आहे, बाई." हे सगळं तो हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

आणि मला न विचारता त्यानं लांजीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला की बाबूलालनं यावं आणि आपल्या मुलीला घेऊन जावं.

मला कळलं तेव्हा बस निघून गेली होती. पुष्पलता चुलीपुढे बसून रडली. "आत्याबाई, मी गेली तं बाबा मले परत नाई धाडणार. लोक म्हणतीन, सासऱ्यानंच काढलं." तिचं खरं होतं. सासरच्यांनी बोलावून परत दिलेली मुलगी म्हणजे काय, ते आमच्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. तेजराम दिवसभर एकाच सायकलचं चाक फिरवत बसला. मला भावाचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्याच्या भाजीत मीठच टाकलं नाही. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. त्याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्याच सकाळच्या बसनं बाबूलाल हजर. खांद्यावर पडशी, चेहरा उतरलेला. अंगणात उभा राहूनच म्हणाला, "समधीजी, माह्या पोरीचा काय गुन्हा झाला, थे सांगा."

भोजराजला ऐकू आलं नाही, पण प्रश्न समजला. त्यानं हात जोडले. "तिचा काही गुन्हा नाई. गुन्हा आमचा. पोरगी आमच्या घरी सुखात नाई. घेऊन जा तिले."

आत पुष्पलतानं हुंदका दिला, कुंपणावर सीतेसकट चार डोकी उगवली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता लाज गेली खड्ड्यात. दोन पोरांचा संसार मोडायला निघालाय आणि आम्ही सगळे सभ्य म्हणून गप्प बसलोय!

"तेजराम!" मी ओरडले. "पलंग बाहेर आण!"

"आत्या, पण..."

"आण म्हटलं ना!"

त्यानं आणि बाबूलालनं मिळून पलंग अंगणात आणला. मी गादी काढून फेकली, पदर खोचला आणि त्या पलंगाच्या बरोबर मध्ये बसले. मी काही काडी नव्हे. बसले, उठले, पुन्हा बसले आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळले. पलंगानं असा टाहो फोडला की कोंबड्या पळाल्या आणि गोठ्यातली गाय उभी राहिली. कुंपणावरच्या बायांनी तोंडात पदर कोंबले. तेजराम सायकलचं चाक तपासायला खाली वाकला तो वर येईना. बाबूलालला मात्र लगेच समजलं. तो खोकला, आभाळाकडे बघायला लागला आणि त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

एकटा भोजराज अंगणाच्या मधोमध उभा. "काय झालं? काहून हासून राह्यले सारे? बाई, तू पागल झाली का?"

मी त्याचा हात धरून ओढला, त्याचा पंजा चौकटीवर दाबून ठेवला आणि पुन्हा एकदा गदागदा हलले.

सुताराचा हात तो. कान गेले तरी हात शाबूत होता. चौकट आतून थरथरत होती, ते त्याला लागलं. तो खाली बसला, एकेका खाचेवर बोट ठेवत गेला आणि मला मानेनं खुणावत राहिला, हल, आणखी हल. शेवटी त्यानं वर पाहिलं. कुंपणावरच्या बायांकडे पाहिलं, बाबूलालच्या मिशांकडे पाहिलं.

"हा पलंग वाजते?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात विचारलं, म्हणजे रेल्वे टेशनापर्यंत.

मी मान हलवली. हौ.

"आन् म्हणून पोरगी खाली झोपते?"

हौ.

"आन् तुमा सगळ्यायले मालूम होतं?"

यावर कुणीच मान हलवली नाही. मला वाटलं आता चिडेल. चिडला असता तर हक्कच होता त्याचा. पण त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला माझ्या छातीवरचंही ओझं उतरल्यासारखं वाटलं. "अरे, पट्टी घासते! पट्टीचंच दुखणं आहे! पट्टीचं दुखणं तं मी आत्ता काढतो!" असं म्हणत तो पटाशी आणायला पळाला. एवढा पळताना मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग अंगणात कारखानाच सुरू झाला. ज्या घट्ट सांध्याची एवढी फुशारकी मारायचा, ते सगळे सांधे त्यानं स्वतःच्या हातानं सैल केले. "हालणाऱ्या चीजेले जागा पायजे," असं स्वतःशीच मोठ्यानं बडबडत होता. "दार-खिडकीचा सांधा निराळा, पट्टीचा निराळा. मीच गाढव." नुसत्या सैल खाचेत पट्टी खडखडायला लागली, तेव्हा त्यानं तेल लावून पाहिलं, मेण लावून पाहिलं. मग हात पुसत उभा राहिला आणि त्याची नजर तेजरामच्या सायकलीवर गेली.

"तेजराम! फाटक्या ट्युबा किती आहेत दुकानात?"

तेजराम पोतंभर घेऊन आला. बापानं ट्यूबचे तुकडे कापले आणि एकेका पट्टीच्या दोन्ही टोकांना मोज्यासारखे चढवले. रबराचं टोक खाचेत बसलं, लाकडाला बांबू लागायचा संबंधच संपला. फेकून द्यायच्या ट्यूबचे तुकडे ते, पलंगाला काही जास्तीचा खर्चसुद्धा नाही.

पण वाजतं की नाही हे त्याला कळणार कसं? तेव्हा पुष्पलता पुढे आली. पदर खाली ओढलेला, हातात लाटणं. भोजराज पट्टी दाबायचा आणि तिच्याकडे बघायचा. अजून आवाज असला की ती त्या पट्टीवर लाटणं टेकवायची. तो पट्टी काढायचा, तासायचा, पुन्हा बसवायचा. सासरा-सून तोंडातून अवाक्षर न काढता काम करत होते. तिचा बाप छपरीत बसून हे बघत होता, त्याच्या हातातला चहा तसाच निवला.

जेवणं झाली. बाबूलालनं काहीच म्हटलं नव्हतं. घेऊन जातो नाही, ठेवतो नाही. त्याची पडशी खुंटीवर तशीच, आणि दुपारची लांजीची बस एकच. मी भांडी घासता घासता त्या खुंटीकडेच बघत होते. अखेर तो उठला आणि पलंगाजवळ गेला. पलंग उन्हात होता, वर गादी घातलेली.

"पाह्यतो जरासा," तो म्हणाला. "एवढा गोंधळ केला यानं."

तो निजला. पट्ट्या त्याच्याखाली लवल्या आणि थांबल्या. त्यानं कूस बदलली. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. काही नाही. एक चिमणी ओरडली तेवढीच. "वा," बाबूलाल म्हणाला. मग कमर सैल सोडून परत म्हणाला, "वा रे वा." आणि मग काहीच म्हणाला नाही. माघातलं उबदार ऊन, पहाटेपासूनचा प्रवास आणि मनावरची काळजी उतरलेली. समधी ढाराढूर झोपले.

स्टँडवरून बसचा भोंगा वाजला. तेजराम उठवायला पुढे झाला. पुष्पलतानं दारातूनच हात आडवा केला. दुसरा भोंगा झाला आणि लांजीची बस बाबूलालला न घेता निघून गेली.

भोजराज पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, एक हात चौकटीवर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वाजते का, बाई?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि जोरजोरानं मान हलवली, नाही, नाही.

"तुह्या मानेवर माहा भरोसा नाई आता," तो म्हणाला. त्याला बोलायला जागा होतीच. मग तो सुनेकडे वळला. लग्नापासून पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला. "पोरी, तू सांग. खरं सांग. वाजते का? आन् आमच्या घरी तुले काही तरास आहे का?"

त्याला ऐकू जाईल एवढं ओरडावं तर बाप जागा होणार. मान हलवावी तर पदराआड काय दिसणार? मग ती दारातून बाहेर आली, उन्हात त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर चेहऱ्यावरून मागे सारला.

ती हसत होती. गालांवर पाणी ओघळत होतं आणि तोंडभर हसत होती. तिनं नाही म्हणून मान हलवली, एकदा पलंगासाठी आणि एकदा घरासाठी.

भोजराज तिच्याकडे बघतच राहिला. मग तो पायरीवर बसला.

"बाई," तो मला म्हणाला, आणि या खेपेला खरोखरच हळू म्हणाला, "पाह्य ना. हे तं हासून राह्यली."